पहिली छाप

अंगठ्याच्या पेराएवढं, पितळेचं, मधून आरपार भोक असलेलं... आणि कडेला एक बारीकशी खाच, नख फिरवलं तरच हाताला लागणारी. कोटाच्या खिशात तिने ते दोन बोटांत धरून फिरवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. दुपारभर धरल्यामुळे ते आता धातूचं वाटत नव्हतं, कोमट झालं होतं, जणू तिच्याच हाताचं एखादं हाड. शिवणयंत्राचा भाग असेल. किंवा पडद्याच्या दांडीचं टोपण. तळाशी पन्नास हा आकडा कोरलेला होता, पण पन्नास म्हणजे काय, कशाचे पन्नास, हे दादा गेल्यापासून कानाएला कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं आणि टाकून द्यावंसंही वाटलं नव्हतं. दादाच्या रेकॉर्ड प्लेअरच्या खोक्यात, अगदी तळाला, ते एका चिमुकल्या पिशवीत होतं. पिशवीचं तोंड स्टेपल मारून बंद केलेलं, पिना गंजलेल्या. त्या पिना मी काढल्या. माझ्याआधी कुणी काढल्या नव्हत्या.

"या, या, कुरिमोतो-सान, अशा मधोमध बसा. कोपऱ्यात बसलात तर अर्धा बँड भिंतीला ऐकू जातो."

हे निशिवाकी डॉक्टर, दातांचे, आता निवृत्त. फोनवर बोलले होते तेच. त्यांनी खुर्ची ओढून दिली, आणि कानाएने बसता बसता हात पुन्हा खिशात घातला, कारण सकाळी तिने कारखान्यात टोपल्याच्या टोपल्या बांगडे चिरून वाळत घातले होते आणि कितीही साबण लावला तरी तो वास जात नाही. नुमाझूत निम्म्या गावाच्या हाताला हा वास असतो, पण या दुकानात कॉफीचा, जुन्या पुठ्ठ्यांचा आणि लाकडाला पुसलेल्या तेलाचा वास होता, आणि तिला आपलं उगीचच चोरट्यासारखं झालं.

"डॉक्टर, त्यांना कोट तरी काढू द्या," काउंटरमागून मास्तर म्हणाले. कॉफीच्या दुकानाच्या मालकाला मास्तर म्हणायची इथे पद्धतच आहे. हे ओगुशी मास्तर मात्र खरेच मास्तर शोभतील असे, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज खाली.

"डॉक्टरांच्या ऐकण्यावर जाऊ नका हं बाई," तिसरे म्हणाले, उबुकाता, रेल्वेतून निवृत्त झालेले. "जन्मभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवलं यांनी. वरचे सूर केव्हाच गेलेत. राहिलंय ते फक्त मत."

"आणि तुम्ही फलाटावर शिट्ट्या फुंकल्यात, त्याचं काय?"

"शिट्टी बाहेर जाते हो. कानात नाही येत."

कानाए हसली. हसायला आलं याचं तिला बरं वाटलं. दुकानाच्या दारावर लावलेला कागद तिला पंधरवड्यापूर्वी दिसला होता, बाजारातून येताना, आणि हातातली पिशवी तशीच धरून ती उभी राहिली होती — त्या कागदावर दादाच्या रेकॉर्डचं चित्र होतं. पाण्यात बुडालेलं घंटाघर, आणि वर आलेल्या कळसावर एका पायावर उभा बगळा. खाली लिहिलं होतं की या रेकॉर्डच्या जुन्या-नव्या छापा, म्हणजे वेगवेगळ्या वेळी काढलेल्या तबकड्या, शेजारी शेजारी ठेवून ऐकणार आहोत, कुणाकडे जपानची पहिली छाप असल्यास कृपया आणावी. तिच्याकडे होती. मागच्या खोलीत, दादाच्या कपाटात, उभी ठेवलेली.

ती यासाठी आली नव्हती की तिला त्या संगीतातलं काही कळतं. पुढच्या महिन्यात दादाचं वर्षश्राद्ध, आणि भटजींचं आटोपल्यावर देव्हाऱ्यापुढे दादाचं ते एक गाणं लावावं असं तिच्या मनात आलं होतं, एवढंच. पण प्लेअर चालेना. आतला रबरी पट्टा वितळून त्याचा काळा चिकटा झाला होता. तेव्हा तिच्या मुलीने फोनवर शोधून लावून दाखवलं — हेच ना गं आई, बघ, नवी आवृत्ती, आवाज साफ केलेली — आणि कानाएने ते ऐकलं आणि तिला धक्काच बसला. एक पोरगेला माणूस घाईघाईने काहीतरी आनंदाचं गात होता. हे नव्हे. हे त्यांनी बिघडवलं, साफ करता करता भलतंच करून ठेवलं... आणि मग जुनी छाप ऐकायला मिळेल तिथे जायचं असं तिने ठरवलं.

मास्तरांनी पडदा ओढला. कोणती छाप लागली आहे हे कुणाला दिसू नये, नाहीतर डोळेच ऐकतात. सुई टेकल्याचा तो मऊ आवाज आला.

— आणि कागदी सरकत्या दाराआडून, जेवणाचा ट्रे हातात धरून उभी असलेली मी. सतरा वर्षांची. नागोयाहून आम्ही इथे आलो तेव्हा दादाची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली होती, आणि नव्या घरात सामान लावून व्हायच्या आतच त्याने आपल्या खोलीचं दार आतून ओढून घेतलं. बाबांची बदली, नवं गाव, समुद्राची खारट हवा. नागोयाहून आणलेलं भिंतीवरचं विजेचं घड्याळसुद्धा इथे आल्यावर मागे पडायला लागलं, दर तासाला दहा-दहा मिनिटं, त्याला इथली हवा मानवली नाही असं आई म्हणायची. बाबा त्या घड्याळामुळे एकदा कचेरीत उशिरा पोचले आणि त्याच आठवड्यात ते दुरुस्त करून आणलं. दादाला कुठे न्यायचं हे मात्र कुणाला सुचलं नाही. तीन वर्षं. आई दाराशी जाऊन म्हणायची, लवकर ऊठ, लवकर जेवून घे, लवकर काहीतरी ठरव रे बाबा, तुझ्या बरोबरीचे कुठल्या कुठे गेले. आमच्या घरात तो एकच शब्द उरला होता, लवकर. आणि दाराच्या आतून ते गाणं यायचं, तेच ते, म्हाताऱ्याच्या जाड आवाजात, एकेक शब्द जमिनीवरून ओढत नेल्यासारखं, आणि मागून बोटीच्या भोंग्यासारखं काहीतरी खोल, लांबच लांब... बाबा म्हणायचे, मढं उचलायच्या वेळचं संगीत आहे हे, याच्याने पोरगा खचणार नाही तर काय होईल.

आणि तो ठोका. गाण्याच्या मध्येच, आतून, जमिनीतून आल्यासारखा. धप्. मग शांत. मग पुन्हा धप्. आई एकदा दाराबाहेरच्या बोळात उभी राहून ऐकत होती, पदराच्या जागी हातातला स्वयंपाकाचा फडका तोंडात कोंबलेला, आणि मला बघून हलक्या आवाजात म्हणाली, खांबावर डोकं आपटतोय गं तो. मी ट्रे खाली ठेवला. दार सरकवलं नाही. आम्ही कुणीच सरकवलं नाही...

"पहिली झाली," पडद्याआडून मास्तर म्हणाले. "आता दुसरी."

दुसरीही लागली, दुसरीही संपली. कानाए मांडीवर हात ठेवून बसली होती, पाहुण्यांकडे बसतात तशी. म्हातारे मात्र भांडायला उतावीळ झाले होते.

"पहिलीत बास कसा पोटात जाऊन बसतो," डॉक्टर म्हणाले. "दुसरीत धुकं पुसून काढलंय हो, पण धुक्याबरोबर गावही पुसलं. हीच नवी. पैजेवर सांगतो."

"दुसरीत तो झांज किती हलक्या हाताने वाजवतो ते मला आज कळलं," उबुकाता म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं कुणी कागद चुरगळतंय."

"तुम्हाला कोणती आवडली, कुरिमोतो-सान?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता काय सांगावं? मला यातलं कळत नाही म्हणावं आणि सुटावं. पण ती त्यासाठी आली नव्हती.

"दोन्ही... धावतात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? धावतात! मी कधीचा सांगतोय, नवीन छापणारे दोन सुरांमध्ये श्वासाला जागा ठेवत नाहीत. साध्या माणसाच्या कानाला कळतं, यांना कळत नाही. मास्तर, पुरे झाली गंमत. आता खरी लावा. जपानची पहिली."

मास्तरांनी हात धुतले, पुसले, आणि तिने आणलेलं पाकीट दोन तळव्यांवर घेतलं. पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला कागदाचा तो उभा पट्टा, ओबी, जसाच्या तसा होता. ओबी फाडून फेकून देतात पोरं. तिघेही पुढे वाकले.

"एक सुरकुती नाही," उबुकाता पुटपुटले. "फार जपणारा माणूस असणार तुमचा भाऊ."

होता, तिने मनात म्हटलं. पुढे कागदाच्या गिरणीत लागला, तिशी गाठायच्या आधीच केस पांढरे झाले, लग्न केलं नाही, माझ्या मुलीला पतंग करून द्यायचा. प्लेअर त्याने खोक्यात घातला तो पुन्हा काढला नाही. त्या तीन वर्षांबद्दल आई-बाबांशी एक शब्द बोलला नाही, आणि ते दोघे तसेच गेले, मनात ते खांबावर आपटणारं डोकं घेऊन. मी विचारलं होतं, शेवटी, हॉस्पिटलात. दादा, त्या खोलीत दिवसभर काय करायचास रे? त्याने खिडकीकडे पाहिलं. हसला म्हणायचं की नाही कोण जाणे. "मोजायचो," म्हणाला. दिवस, असं मी समजले. कैदी मोजतात तसे. त्यापुढे विचारायचा धीर झाला नाही, आणि नंतर विचारायला तो राहिला नाही. एवढंच मला आज कळायला हवंय. माझा भाऊ तिथे मरत होता, की—

सुई टेकली. यावेळी पडदा नव्हता. काळ्या तबकडीवर उजेडाची एक चीर स्थिर होती. कानाए पुढे सरकली, श्वास धरून, आता येईल, आता तो म्हातारा बोलायला लागेल...

आणि तोच पोरगेला माणूस गायला लागला.

"नाही," ती म्हणाली. आपण मोठ्याने बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. "ही पण नाही."

डॉक्टरांचा हात कपाकडे जाता जाता थांबला. "अहो बाई, हीच ती. तुमचीच. याच्या आधीची जपानात काही नाही, याच्या आधीची फक्त इंग्लंडची."

"गाणारा म्हातारा होता. जाड आवाजाचा. आणि हे बासरीसारखं वाजतंय ना, ते बासरीसारखं नव्हतं, ते खालून यायचं, बोटीचा भोंगा असतो तसं, आणि फार... फार हळू चालायचं सगळं. मी तीन वर्षं ऐकलंय. दाराबाहेरून ऐकलंय, पण ऐकलंय."

 उबुकाता आपल्या बुटांकडे बघत होते. दुःखात माणसाला काहीही आठवतं, असं त्यांना वाटत असणार, आणि तिलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि ती एकदम घाबरली. हे जर मी ऐकलंच नसेल, आम्ही तिघांनी मिळून ते काळं गाणं घरात कल्पनेनेच तयार केलं असेल, तर दादाचं माझ्याकडे राहिलं काय? एक रेकॉर्ड, तीसुद्धा दुसऱ्याच कुणाची.

"कुरिमोतो-सान," मास्तरांनी सुई उचलली. "तुमचं घर मूळचं इथलंच?"

"नाही. नागोयाचे आम्ही. बाबांची बदली झाली तेव्हा..."

"आणि प्लेअर? तो नागोयाहूनच आणलेला?"

"हो. दादाला बाबांनीच घेऊन दिला होता, तिकडे असताना."

उबुकातांच्या तोंडून "अरेच्चा" निघालं आणि त्यांनी हसू दाबलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. कानाए एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"फुजी नदी," मास्तर म्हणाले. "पलीकडची वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, अलीकडची, आपली, पन्नासची. हल्लीच्या यंत्रांना फरक पडत नाही. तेव्हाच्यांना पडायचा, त्यांची मोटार त्या आकड्याच्याच वेगाने फिरायची. तिकडचा प्लेअर इकडे लावला की मंद फिरायचा, साठाच्या जागी पन्नास. गाणाऱ्याचा आवाज खाली जातो, म्हातारा होतो माणूस. आमच्या गावात बदली होऊन आलेल्या निम्म्या घरांत हा घोटाळा."

घड्याळ, तिला आठवलं. दर तासाला दहा मिनिटं. घड्याळ बाबांनी त्याच आठवड्यात दुरुस्त करून आणलं होतं.

"त्यावर उपाय अगदी साधा असतो," मास्तर सांगत होते. "मोटारीवर एक पुली असते, पितळेची, एवढीशी. ती काढायची आणि इकडची—"

ते बोलायचे थांबले, कारण तिने खिशातला हात बाहेर काढून काउंटरवर ठेवला होता, आणि उघडला होता.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते डोळ्यांजवळ धरलं. "पन्नासची," ते म्हणाले. "बरोबर तीच. आणि कोरी. पट्टा फिरला की पितळेवर रेघ पडते. हिच्यावर रेघ नाही."

"खोक्यात होती. पिशवी बंद होती, पिना मारलेली. मीच उघडली."

"म्हणजे आणली आणि बसवायची विसरला," डॉक्टर म्हणाले.

"विसरेल?" उबुकाता म्हणाले, आणि त्यांनी ओबीवर बोट ठेवलं. "हा?"

मास्तर मागच्या खोलीत गेले. फळीवरून काहीतरी खाली घेतल्याचा, खण ओढल्याचा, खणात बोटांनी ढवळल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुना प्लेअर होता, लाकडी कडेचा, आणि मुठीत साठाची पुली. दोन विजांच्या सीमेवरच्या गावात असलं सगळं सापडतं. त्यांनी ती बसवली, पट्टा चढवला, दादाची रेकॉर्ड ठेवली. "डॉक्टर, आता काही बोलू नका," ते म्हणाले, आणि डॉक्टर खरंच गप्प बसले.

म्हातारा आला.

एकेक शब्द जमिनीवरून ओढत नेत, तोच, तसाच, आणि त्याच्यामागून भोंगा, पाण्याखालून आल्यासारखा, लांबच लांब... कानाएच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, मासळीच्या हाताने कुठे डोळे पुसणार. बोळातली ती गार लाकडी तुकतुकीत जमीन पायाला लागली. ट्रेमधलं सूप निवत होतं. हेच ते. मी ऐकलं होतं. पण आता दार मध्ये नव्हतं, आणि दार नसताना ते मढं उचलायचं संगीत वाटत नव्हतं — हे तिला फार हळू कळलं, त्या गाण्याच्याच चालीने. दोन सुरांच्या मधे केवढी जागा होती! माणूस आत जाऊन पाय पसरून बसेल एवढी. ढोल वाजवणारा दोन वाजवायचा, मग दोन, मग तीन; दोन, दोन, तीन; आणि त्या तिनांतला शेवटचा तो वाजवतच नव्हता, तिथे काही नव्हतं, नुसतं रिकामं. दोन, दोन, एक, दोन—

धप्.

तिने खाली पाहिलं. तिची स्वतःची टाच होती. लाकडी जमिनीवर, बुटासकट. तिने ठरवून आपटली नव्हती. पुन्हा दोन आले, पुन्हा दोन, पुन्हा ती रिकामी जागा आली, आणि टाच पुन्हा बरोबर तिथेच पडली, जराही न चुकता, कारण ती जागा तिला तीन वर्षं रोज ऐकू आलेली होती; ती तिच्या पायाला पाठ होती. म्हणूनच कुठल्या छापेत तो ठोका नव्हता. जुन्या नाही, नव्या नाही. तो दादाचा होता.

मोजायचो, म्हणाला होता तो.

आई, डोकं नव्हतं गं ते. टाच होती. कुणाला सांगू आता हे?

गाणं संपलं तरी तबकडी फिरत होती, शेवटच्या रेघेत सुई खरखरत होती. उबुकातांनी तिच्या पायाकडे पाहिलं होतं हे तिला कळलं. ते स्वतःच्या गुडघ्यावर दोन बोटं हलवून बघत होते, दोन, दोन, तीन.

"चाळीस वर्षं ऐकतोय मी ही रेकॉर्ड," शेवटी डॉक्टर म्हणाले, नेहमीपेक्षा हळू. "सात छापा आहेत घरी. बायको म्हणते एकसारख्याच आहेत. ही मात्र... ही मी ऐकलेली नाही."

"वेग चुकलाय, डॉक्टर," उबुकाता म्हणाले.

"कळतं मला. गप्प बसा."

निघताना मास्तरांनी तिने आणलेलं वाळवलेल्या बांगड्यांचं पुडकं दोन्ही हातांनी घेतलं, वास घेऊन खरं कौतुक केलं, आणि मग पितळेची ती पुली तिच्यापुढे ठेवली. "प्लेअर घेऊन या. नवा पट्टा घालून देतो, वर्षश्राद्धाच्या आत." "पुली कुठली ठेवू? आत आहे ती साठाचीच राहू दे, की ही पन्नासची बसवू?"

साधा प्रश्न होता. पन्नासची बसवली तर गाणं जसं त्या पोरांनी गायलं तसं ऐकू येईल, घरात चार माणसं येतील, मुलगी म्हणेल, बघ, हेच तर मी लावलं होतं. साठाची ठेवली तर... आणि दादा? त्याने इकडची पुली दुकानात जाऊन आणली, म्हणजे तो कधीतरी त्या खोलीतून बाहेर पडला होता, आम्ही कुणी घरात नसताना, उन्हात, रस्त्यावर, माणसांत. मागितली, घेतली, घरी आणली, आणि पिशवी न उघडता तळाशी ठेवून दिली. का? घाबरून? की बाहेरचं सगळं ज्या वेगाने चाललं होतं त्यात त्याला या गाण्याला पाठवायचं नव्हतं? की खोलीत खरंच मरण होतं आणि मरताना त्याला मोजायला काहीतरी हवं होतं... टाच आपटणारा माणूस सुखात होता असं थोडंच आहे. मला माहीत नाही. मला आता हेही माहीत नाही की मला काय माहीत होतं.

"सांगते," ती म्हणाली. "प्लेअर आणते तेव्हा सांगते."

बाहेर थंडी पडायला लागली होती. कानो नदीच्या पुलावर मागून सायकलची घंटा वाजली, मग पुन्हा वाजली, आणि एक शाळकरी मुलगी "जरा बाजूला, काकू, उशीर होतोय!" म्हणत तिला घासून गेली. कानाए कठड्याला सरकली आणि तशीच चालत राहिली. खिशात बोटं पुली फिरवत होती. इतकी वर्षं त्या बोळात उभं राहून तिला एकच वाटत आलं होतं, की त्या दिवशी आपण दार सरकवायला हवं होतं आणि दादाला हाताला धरून बाहेर आणायला हवं होतं. आज तिला ते दार दिसलं, तिने ते मनात सरकवलं, आणि बाहेर काढायचं काही तिच्या मनातच आलं नाही. ट्रे खाली ठेवून ती आत गेली आणि चटईवर त्याच्या शेजारी बसली. सूप निवेल, निवू दे. आता ती जागा येईल.